क्लीनर रॅस: गिऱ्हाइकांवर जगणारा मासा

कोलशेतकर (धागाकर्ता)

नमस्कार. ठाण्यात कोलशेतला आमच्या बैठकीच्या खोलीत चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग, एक डॅम्सेल आणि एक फायरफिश अशी पाच जणांची वस्ती होती. गेल्या पावसाळ्यात टँगच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले, तेव्हा ज्या दुकानातून मी मासे आणतो तिथल्या माणसाने "हा डॉक्टर मासा न्या, आठवड्यात सगळे ठिपके खाऊन टाकील" असे सांगून जेमतेम करंगळीएवढा एक निळसर मासा पिशवीत घालून दिला. मी तो आणला. हा धागा त्या माशाविषयी आहे आणि त्याला आणण्यात माझी जी चूक झाली तिच्याविषयीही आहे.

मासा म्हणजे क्लीनर रॅस, इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. त्याचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली व्हॅलेन्सिएन यांनी केले. पूर्ण वाढला तरी तो १४ सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. तोंडाजवळ बारीक सुरू होऊन शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा ही त्याची ओळख. पिल्ले मात्र जवळजवळ काळी असतात आणि त्यांच्या पाठीवरून चमकदार निळी रेघ जाते. तांबड्या समुद्रापासून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकमधील फ्रेंच पॉलिनेशियापर्यंतच्या प्रवाळखडकांवर तो आढळतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमान इथे तो आहे.

टाकीत सोडल्यावर अर्ध्या तासात तो उजव्या कोपऱ्यातल्या खडकासमोर जाऊन शरीराचा मागचा भाग वरखाली हलवत नाचल्यासारखा पोहू लागला. टँग तिथे गेला, डोके वर करून तिरका थांबला आणि त्याने कल्ल्यांची झाकणे उघडली. या टँगला मी दोन वर्षे रोज पाहत होतो, पण तो असा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. रॅस त्याच्या अंगावरून फिरला, कल्ल्याच्या फटीत तोंड घालून बाहेर आला, पोटाखालच्या परांनी त्याच्या पाठीवर भराभर टिचक्या मारल्यासारखे करत पुढे सरकला. मी सौ.ला हाक मारून बोलावले. दोघेही उभ्याउभ्याच पाहत राहिलो.

चारपाच दिवसांत ठिपके गेले. आम्ही मासेवाल्याला दुवा दिला. दोन आठवड्यांनी ठिपके परत आले, या वेळी दुप्पट, आणि क्लाउनफिशच्या अंगावरही. मधल्या काळात रॅस बारीक होत चालला होता. दाणे तो तोंडात घेऊन थुंकत असे. आठव्या दिवशी बाजारातल्या करंदीचा अगदी बारीक चुरा त्याने खाल्ला, पण दिवसातून चार वेळा चुरा टाकूनही त्याचे पोट आत गेलेलेच दिसे. शिवाय पोटासाठी तो इतर माशांच्या मागे लागत असे. डॅम्सेल त्याला हाकलून लावी, फायरफिश कपारीबाहेर पडेनासा झाला. शेवटी सगळ्या माशांना उपचारासाठी वेगळ्या उघड्या टाकीत हलवावे लागले आणि तिथे नवव्या दिवशी रॅस गेला.

त्यानंतर मी वाचायला बसलो. हे वाचन आधी करायला हवे होते. संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९० च्या दशकात मोजदाद केली, तेव्हा एक क्लीनर रॅस दिवसभरात दोन हजारांहून अधिक वेळा गिऱ्हाईक माशांची, म्हणजे साफ करून घ्यायला आलेल्या माशांची, तपासणी करतो आणि सरासरी १,२०० च्या आसपास परजीवी खातो असे दिसून आले. त्यांतले बहुतेक म्हणजे नॅथिड नावाच्या कवचधारी प्राण्याची पिल्ले, जी माशांना चिकटून रक्त पितात. आता माझ्या टाकीतला हिशेब करा. गिऱ्हाइके पाच. नॅथिड, माझ्या माहितीप्रमाणे, शून्य. ज्याचा धंदा दोन हजार फेऱ्यांवर बेतलेला आहे त्याला मी पाच घरांच्या चाळीत दुकान थाटून दिले होते.

पण मला अधिक थक्क केले ते पुढच्या गोष्टीने. या माशाला परजीवी नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत श्लेष्म अधिक आवडतो. ग्रटर आणि रेदुआन ब्शारी यांनी २००३ साली प्रयोगात निवड करू दिली, तेव्हा माशाने नॅथिड सोडून श्लेष्म घेतला. म्हणजे परजीवी खाणे हे त्याचे कर्तव्य आणि श्लेष्माचा लचका तोडणे ही त्याची चोरी. चोरी झाली की गिऱ्हाईक दचकल्यासारखे अंग झटकते, आणि संशोधक तेच झटके मोजतात. माझा टँग पहिल्या आठवड्यात क्वचित झटके देई, चौथ्या आठवड्यात मिनिटामिनिटाला. तेव्हा मला वाटले की त्याला खाज सुटली आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः ठिपके आधी गेले कसे, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

खारंपाणी

ठिपके रॅसने खाल्ले नाहीत. ते आपोआप गेले, आणि आपल्या छंदातले निम्मे गैरसमज या एका गोष्टीतून जन्मतात.

पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीच्या बाहेरच्या थराखाली शिरून बसतो, त्यामुळे वरून टोचून खाणाऱ्या माशाच्या हाती तो लागत नाही. काही दिवस तिथे पोसला गेला की तो स्वतःच गळून पडतो, वाळूवर किंवा खडकावर कवच करून बसतो आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले बाहेर सोडतो. ठिपके दिसेनासे होतात तेव्हा घरोघरी आनंदीआनंद होतो, प्रत्यक्षात ती पुढच्या हल्ल्याची तयारी असते. तुमच्याकडे नेमके हेच झाले. रॅस त्याच आठवड्यात आला म्हणून श्रेय त्याला मिळाले.

उपाय एकच: मासे वेगळ्या टाकीत हलवून तांब्याच्या औषधाची मात्रा रोज मोजत ठेवायची आणि मुख्य टाकी माशांविना अडीच महिने रिकामी ठेवायची, म्हणजे यजमान न मिळून परजीवी संपतो. कोळंबी, गोगलगायी वगैरे मुख्य टाकीतच राहू द्याव्यात, कारण तांबे त्यांना मारते. आणि स्पष्ट लिहितो, राग नसावा: रॅस जातीचे मासे तांब्याच्या बाबतीत नाजूक असतात. उपाशी, खंगलेल्या रॅसला ते औषध सोसले नसणार. नेरुळला मी एकोणीस वर्षे टाक्या सांभाळतो आहे. पहिल्या चार वर्षांत माझ्याकडेही असे तीन रॅस गेले, म्हणून हे अधिकाराने लिहितो आहे.

कोलशेतकर (धागाकर्ता)

काका, राग कसला? तांब्याची मात्रा मी बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे सर्वांना सारखीच दिली होती. आता कळते आहे.

ऐरोलीकर

एक भाबडा प्रश्न. हा मासा आपल्या ठाण्याच्या खाडीत का नाही? मी रोज खाडीकाठी फिरायला जातो, तिथे निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतात, त्यांनाही कुणी साफ करत असेलच ना?

खारंपाणी

खाडीचे पाणी गढूळ, तळ चिखलाचा, आणि पावसाळ्यात खारेपणा एकदम उतरतो. प्रवाळाला स्वच्छ, उथळ, खारेपणा स्थिर असलेले पाणी लागते, आणि हा मासा प्रवाळखडकाच्या गजबजाटावर जगतो. निवटी तर पाण्याबाहेरच अर्धे आयुष्य काढते. तिच्याविषयी वेगळा धागा काढा, मी जरूर येईन.

जीवशास्त्राच्या बाई

मी वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. धागाकर्त्यांनी "चोरी" हा शब्द वापरला आहे, त्यावरून पुढे लिहिते, कारण या माशाचे खरे वैशिष्ट्य तो चोरी करतो हे नसून ती कुणाकडे करावी हे त्याला कळते, हे आहे.

ब्शारी यांनी इजिप्तमधील रास मोहम्मद येथे तांबड्या समुद्रात वर्षानुवर्षे निरीक्षण केले. गिऱ्हाइके दोन प्रकारची असतात. काहींचा वावर एवढा लहान असतो की त्यांच्या हद्दीत एकच सफाईकेंद्र, म्हणजे रॅसची काम करण्याची ठरलेली जागा, येते, त्यामुळे त्यांना दुसरीकडे जाणे शक्य नसते. काहींचा वावर मोठा असतो आणि ती हवे तिथे जाऊ शकतात. दोन्ही एकाच वेळी आली तर रॅस फिरतीच्या गिऱ्हाइकाला आधी घेतो, कारण त्याला ताटकळत ठेवले तर ते निघून जाते. स्थानिक मासा थांबतोच, कारण त्याला पर्याय नाही. आपल्या गल्लीतला वाणी नेहमीच्या उधारीवाल्याला "जरा थांबा हो" म्हणून नवख्याला आधी देतो, तोच प्रकार. मात्र स्थानिक मासा अगदीच हतबल नसतो. लचका तोडला गेला की तो रॅसच्या मागे धावतो, आणि अशा पाठलागानंतर रॅस त्याच्याशी काही काळ नीट वागतो. शिकारी माशाशी मात्र चोरी जवळजवळ होतच नाही. ज्याच्या जबड्यात शिरायचे आहे त्याचा लचका कोण तोडील?

आजूबाजूला पाहणारे कुणी असेल तर काय होते, हेही तपासले गेले आहे. ब्शारी आणि ग्रटर यांनी २००६ साली दाखवले की थांबून पाहणारे मासे प्रामाणिक रॅसजवळ अधिक वेळ घालवतात, आणि पाहणारे आहेत म्हटल्यावर रॅसही अधिक सचोटीने वागतो. कोलशेतकर, तुमच्या टाकीत हा धाकच उरला नव्हता. टँगला जायला दुसरे केंद्र नव्हते आणि पाहून दूर जाणारे नवे गिऱ्हाईकही नव्हते. झटके वाढत गेले यात त्या माशाचा स्वभाव बिघडला असे मी म्हणणार नाही. भुकेबरोबरच धंदा सांभाळण्याचे सगळे कारणच तिथून नाहीसे झाले होते.

आता लिंगबदलाविषयी, कारण हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावर खुसखुस होते. एका नराच्या ताब्यात तीन ते सहा प्रौढ माद्यांचा समूह असतो आणि त्यांच्यात आकारानुसार कडक उतरंड असते. सगळे मासे आधी मादीच असतात. डी. आर. रॉबर्टसन यांनी १९७२ साली ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन बेटाजवळचे निरीक्षण प्रसिद्ध केले: नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी दीडदोन तासांत नरासारखी वागू लागते, हद्दीवर फिरते, धाकट्या माद्यांना दरडावते. साधारण १४ ते १८ दिवसांत तिच्या शरीरातून शुक्रपेशीही बाहेर पडू लागतात. वर्तन तासांत बदलते, अंडाशयाचे वृषण व्हायला दोनअडीच आठवडे लागतात. म्हणजे इंद्रिय बदलण्याची वाट न पाहता मेंदू आधी कामाला लागतो. विद्यार्थ्यांना मी इथे थांबवते आणि विचारते, मग नर असताना तो इतर माद्यांना दडपून का ठेवतो? कारण पहिल्या क्रमांकाची मादी आकाराने त्याच्या बरोबरीची झाली तर त्याची जागा धोक्यात येते.

आणि चोरी व ही उतरंड या दोन गोष्टी एका प्रयोगात एकत्र येतात. नर आणि मादी जोडीने एकाच गिऱ्हाइकावर काम करतात. निकोला रायहानी, ग्रटर आणि ब्शारी यांनी २०१० साली गिऱ्हाइकाच्या जागी प्लास्टिकची पाटी ठेवली. तिच्यावर माशांच्या खाद्याचे कण (कमी आवडते) आणि कोळंबीचे तुकडे (आवडते) लावले. जोडीतल्या कुणीही कोळंबी खाल्ली की पाटी ताबडतोब उचलली जाई, जसे फसवले गेलेले गिऱ्हाईक निघून जाते. मादीने कोळंबी खाल्ली की नर तिचा पाठलाग करी, आणि अशा पाठलागानंतर पुढच्या वेळी मादी कोळंबीला कमी तोंड लावी. नर इथे गिऱ्हाइकाच्या न्यायासाठी भांडत नाही. पाटी उचलल्याने त्याचे स्वतःचे जेवण बुडते, आणि कोळंबी खाऊन मादी मोठी झाली तर उद्या त्याची खुर्चीही जाऊ शकते.

ऐरोलीकर

बाई, "खुसखुस" वाचून आमचा वर्ग आठवला. धन्यवाद.

कदमत

मी पाण्याखाली बुडी मारण्याचा (स्कूबा डायव्हिंगचा) छंद बाळगतो, मूळचा डोंबिवलीचा, आता घणसोलीत. लक्षद्वीपच्या कदमत बेटाजवळ साधारण बारा मीटर खोलीवर एका गोल प्रवाळाच्या बाजूला हे केंद्र मी पंचवीस मिनिटे पाहिले, हवा संपत आली म्हणून वर आलो. दोन रॅस होते. समोर एक मोठा हेकरू आला, त्याने तोंड वासले आणि कल्ले फुगवले. एक रॅस तोंडातून आत गेला आणि कल्ल्याच्या फटीतून बाहेर आला. हेकरूने तोंड मिटण्यापूर्वी अंगाला छोटासा हिसका दिला, तो सूचनावजा असावा, कारण दोन्ही रॅस लगेच बाजूला झाले. त्यामागे पोपटमाशांची रांग होती. रांग हा शब्द जपून वापरतो, पण ते खरोखर थांबले होते. मी हात पुढे केला तर धाकटा रॅस येऊन माझ्या नखाजवळची कातडी टोचून गेला. गुदगुल्या होतात.

एक सावधगिरी. ॲस्पिडॉन्टस टीनिएटस नावाचा एक ब्लेनी मासा रंगाने आणि पोहण्याच्या पद्धतीने हुबेहूब या रॅससारखा दिसतो. ओळखायचे तर तोंड पाहावे. रॅसचे तोंड नाकाच्या टोकाला, सरळ पुढे असते. ब्लेनीचे तोंड खाली वळलेले असते आणि खालच्या जबड्यात लांब सुळे असतात. तो फसून जवळ आलेल्या माशाच्या परांचे तुकडे तोडतो, अशी त्याची जुनी ख्याती आहे. तो नळकृमी आणि माशांची अंडीही खातो, आणि रॅससारखे दिसल्याने शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत, हाही त्या सोंगाचा लाभ आहे. रॅसची पुण्याई त्याला आयती मिळते.

तर्कट

आरशाचे कुणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. हा क्लीनर रॅस आरशात स्वतःला ओळखतो, ही बातमी २०१९ साली सगळीकडे झळकली होती. मला ती तेव्हाही अतिरंजित वाटली आणि आजही थोडी वाटते.

जीवशास्त्राच्या बाई

अतिरंजित बातमी आणि अतिरंजित प्रयोग यांत फरक करावा, इतकीच विनंती. ही कसोटी गॉर्डन गॅलप यांनी १९७० साली चिंपांझींवर प्रथम केली: अंगावर नकळत खूण करायची, आरसा द्यायचा आणि प्राणी स्वतःच्या अंगावरच्या खुणेला हात लावतो का ते पाहायचे. माशाला हात नाहीत, म्हणून ओसाकामधील मासानोरी कोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅसच्या गळ्याखाली तपकिरी खूण केली. ती खूण त्याला आरशाविना दिसत नाही. आरशात पाहिल्यावर चारपैकी तीन माशांनी गळा तळावर घासला. पारदर्शक खूण केल्यावर किंवा आरसा नसताना त्यांनी तसे केले नाही.

गॅलप यांना ते पटले नाही. खूण परजीवीसारखी दिसते, म्हणून मासा समोरच्या माशाचे पाहून घासत असेल, असे आक्षेप आले आणि नमुना लहान आहे हेही खरे होते. २०२२ साली त्याच गटाने अधिक माशांवर प्रयोग केला. तपकिरी खूण असलेल्या बहुतेक माशांनी गळा घासला, पण निळी किंवा हिरवी खूण केली तेव्हा घासला नाही. तुमच्यासारख्या शंकेखोरांना हे सोयीचे वाटेल. माझा अर्थ असा की ज्या प्राण्याचे आयुष्य तपकिरी ठिपके शोधण्यात जाते त्याला निळ्या डागाची पर्वा का असावी? प्रश्न त्याच्या कामाच्या भाषेत विचारला तेव्हाच त्याने उत्तर दिले.

तर्कट

हा शेवटचा मुद्दा मान्य. "आत्मभान" हा शब्द मात्र मी अजून देणार नाही.

जीवशास्त्राच्या बाई

मीही देत नाही. स्वतःचे शरीर ओळखणे आणि स्वतःविषयी विचार करणे यांत बरेच अंतर आहे.

कोलशेतकर (धागाकर्ता)

आरशावरून माझी एक नोंद देतो. तिच्यातून काही सिद्ध होत नाही. रात्री आम्ही खोलीतले दिवे मालवून टीव्ही पाहत असू आणि टाकीचा दिवा चालू असे, तेव्हा बाजूच्या काचेचा आतून आरसा होतो. पहिले तीन दिवस रॅस त्या काचेवर तोंड आपटत असे. चौथ्या की पाचव्या रात्री तो काचेसमोर आडवा होऊन थबकला, थोडा मागे गेला, पुन्हा आला. आठवड्याभरात त्याने काचेकडे लक्ष देणेच सोडले. मी तेव्हा समजलो की तो दमला.

आणखी एक. रात्री अकरानंतर विजेरी लावून पाहिले तर तो कपारीत स्वतःभोवती श्लेष्माची पारदर्शक पिशवी करून झोपलेला असे. पहाटे ती पिशवी फाटून पाण्यात तरंगत असे आणि स्किमरमध्ये (पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्रात) जाऊन बसे. पहिल्यांदा मला वाटले की कुणीतरी मेले.

खारंपाणी

ही नोंद छान आहे. आता कामाचे लिहितो. घरच्या टाकीसाठी हा मासा घेऊ नये, हे माझे मत मी बदलणार नाही. तुमच्या टाकीतला रॅस मरणे हे एक नुकसान, आणि तो ज्या खडकावरून उचलला तिथले नुकसान वेगळे. ऑस्ट्रेलियात लिझर्ड बेटाजवळ काही लहान खडकांवरून साडेआठ वर्षे रॅस काढत राहिले. २०११ साली आलेल्या त्या अहवालात रॅस नसलेल्या खडकांवर स्थानिक माशांची संख्या ३७ टक्के आणि जातींची संख्या २३ टक्के कमी भरली. बोटभर माशाच्या अनुपस्थितीत एवढा फरक पडतो.

सफाई करणारे कुणी हवेच असेल तर कैदेत पैदास केलेला निऑन गोबी हा छोटा मासा घ्या, तो दाणेही खातो आणि गिऱ्हाइकांवर अडून बसत नाही. किंवा लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली क्लीनर कोळंबी घ्या. तांब्याचे औषध टाकलेली टाकी मात्र तिच्यासाठी वापरू नका.

कोलशेतकर (धागाकर्ता)

मुख्य टाकी ७६ दिवस रिकामी ठेवून मासे परत सोडले. चौघे वाचले, एक क्लाउनफिश गेला. कोळंबी आणली आहे, एकच. ती नेमकी त्याच उजव्या कोपऱ्यातल्या खडकावर बसली आणि लांब पांढऱ्या मिशा हलवू लागली. टँगने तिच्याकडे तेरा दिवस ढुंकूनही पाहिले नाही. काल संध्याकाळी तो तिच्यासमोर जाऊन डोके वर करून तिरका थांबला आणि त्याने कल्ल्यांची झाकणे उघडली. कोळंबी त्याच्या पाठीवर चढली. साधारण चाळीस सेकंद. अंगावर ठिपके नाहीत, झटकाही दिला नाही.